पाच शब्दांत मावेल तेवढं

टपालाच्या जुन्या नियमांत छापील मजकुरासाठी वेगळा, स्वस्त दर असे. पुस्तकं, मासिकं, किंमतपत्रकं त्या दरानं जात. शुभेच्छापत्रंही जात, पण काही अटींवर. पाकीट चिकटवायचं नाही, त्याची झडप नुसती आत खोचायची आणि छापील मजकुराच्या जोडीला हातानं मोजकंच लिहायचं. जागतिक टपाल संघाच्या नियमावलीत हे मोजकं म्हणजे किती तेही ठरवून दिलेलं होतं. व्हिजिटिंग कार्डावर किंवा नाताळ-नववर्षाच्या कार्डावर शुभेच्छा, अभिनंदन, आभार, सांत्वन असं शिष्टाचाराचं काही लिहायचं असेल, तर जास्तीत जास्त पाच शब्द, नाहीतर पाच रूढ आद्याक्षरं. त्यापुढे गेलात की ते पत्र झालं आणि पत्राचा दर वेगळा.

ज्यांच्या घरी संक्रांतीची आणि दिवाळीची कार्डं येत, त्यांना कोपऱ्यात ‘बुक पोस्ट’ असं लिहिलेली ती उघडी पाकिटं आठवत असतील. आत गणपती किंवा समई, खाली छापील दोन ओळी आणि त्याखाली शाईच्या पेनानं लिहिलेलं थोडंसं काही. ‘यंदा तरी दिवाळीला या.’ ‘बाळाचं नाव काय ठेवलं?’ ‘ताईंचा गुडघा कसा आहे?’ माणसं बोटांवर शब्द मोजून लिहीत. अल्पाक्षरत्वावर आपल्याकडे व्याख्यानं पुष्कळ झाली, पण त्याची सक्तीची शिकवणी सामान्य माणसाला मिळाली ती टपालखात्याच्या दरपत्रकामुळे.

शुभेच्छापत्रावरच्या मजकुराला साहित्यात कोणी खिजगणतीत धरत नाही. ते समजण्यासारखं आहे. त्यातलं बहुतेक लेखन बाजारू असतं, यमक जुळवण्यासाठी चंद्र-तारे वेठीला धरलेले असतात. पण चार ओळींत, घाईत, ठरावीक जागेत एका माणसाला उद्देशून काहीतरी खरं लिहायचं, हा प्रकार आपल्या घराघरांत दीडशे वर्षं चालू आहे. कार्ड हा त्याचा एक अवतार. मनीऑर्डरचं कूपन, शुभेच्छांची तार, लग्नाची पत्रिका, राखीच्या पाकिटातली चिठ्ठी हे बाकीचे. हे सगळे एकत्र ठेवून पाहिले की छापील ओळीबद्दलचा आपला राग थोडा कमी होतो. माझा तरी झाला.

मुळात नाताळच्या शुभेच्छापत्राचा जन्म झाला तो वेळ नव्हता म्हणून. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं. त्या योजनेसाठी झटलेल्या माणसांत हेन्री कोल नावाचा एक खटपट्या अधिकारी होता. (लंडनमधलं आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय उभं केलं तेही यानंच.) टपाल स्वस्त झालं, पत्रं वाढली आणि नाताळात आलेल्या पत्रांना उत्तरं न देणं असभ्य मानलं जाई. कोलच्या टेबलावर ढीग साचला. १८४३ मध्ये त्यानं जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकार मित्राकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. स्वतः पाठवून उरलेल्या विकायला ठेवल्या, किंमत एक शिलिंग. चित्रात मधोमध तीन पिढ्यांचं कुटुंब हातात प्याले घेऊन बसलेलं आणि दोन बाजूंना गरिबांना अन्नवस्त्र देण्याची दृश्यं. प्याला एका लहान मुलीच्याही तोंडाला लावलेला होता, त्यामुळे दारूबंदीवाले भडकले.

त्या कार्डावर शुभेच्छा छापलेल्या होत्याच. रिकाम्या ठेवलेल्या जागा दोनच: वर कोणाला आणि खाली कोणाकडून. नाताळच्या पहिल्या व्यापारी शुभेच्छापत्रात हातानं लिहायचं होतं ते एवढंच, दोन नावं. या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

या धंद्याची सर्वांत कडवी टीकाकार निघाली ती एक अमेरिकन बाई. ॲना जार्विसनं आपल्या आईच्या स्मरणार्थ १९०८ मध्ये मातृदिनाचा पहिला कार्यक्रम घडवून आणला, १९१४ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळवली आणि पुढचं आयुष्य त्याच दिवसाच्या बाजारीकरणाशी भांडण्यात घालवलं. जिनं आपल्यासाठी इतकं केलं त्या आईला चार ओळी लिहिण्याचाही ज्यांना आळस, ते छापील कार्ड पाठवतात, असं तिचं म्हणणं होतं. तिचा संताप खरा होता. फक्त आळस आणि अडचण यांत तिनं फरक केला नाही. ज्याला लिहिता येत नाही, ज्याला लिहिण्याची लाज वाटते, ज्याला शब्दच सुचत नाहीत अशा माणसानं काय करायचं? आपल्याकडे तर अशांचीच संख्या मोठी होती.

पोस्टकार्ड भारतात आलं १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला. पुढच्याच वर्षी मनीऑर्डरचं काम टपालखात्याकडे आलं. मुंबईतल्या कापडगिरण्यांत कोकणातून आणि घाटावरून माणूस येत होता तो याच काळात. लालबाग-परळच्या चाळीत, गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाकून राहायचं, खानावळीत जेवायचं आणि पगार झाला की गावी पैसे धाडायचे. मनीऑर्डरच्या फॉर्मच्या खालच्या टोकाला एक कूपन असे. त्यावर मजकुरासाठी थोडी जागा असे आणि ते फाडून पैसे घेणाऱ्याकडे राही. मनीऑर्डरचं कमिशन भरलेलंच असायचं, त्यामुळे एवढा मजकूर फुकट जायचा. तेवढ्यासाठी वेगळं कार्ड कशाला घ्या?

त्या जागेत काय लिहीत? ‘पैसे पाठवले आहेत. पैकी पाच दुकानदाराचे देणे. बैलाचे पाहणे. पाऊस कसा आहे ते कळविणे. आईने तब्येतीस जपावे.’ वाचायला अगदी कोरडं. पण हे कूपन वाचून दाखवणार पोस्टमन, तेही ओटीवर, शेजारीपाजारी उभे असताना. घरात आई-वडील, मोठा भाऊ, भावजय. अशा ठिकाणी बायकोला उद्देशून एक शब्दही लिहायची सोय नव्हती. म्हणून मग मजकूर वडिलांना आणि रोख दुसरीकडे असा प्रकार चाले. ‘पोरांस घेऊन एकट्याने विहिरीवर जाऊ नये’ असं कूपनावर आलं, की ते कोणाला सांगितलंय हे घरातल्या प्रत्येकाला कळे आणि जिला सांगितलंय ती चुलीपाशी मान खाली घालून ऐके. आजच्या कुठल्याही कार्डावरच्या बदामापेक्षा त्या विहिरीच्या वाक्यात जास्त आहे.

आणि उलट टपालही जायचं. पैसे मिळाल्याची पोच पाठवणाऱ्याकडे परत जाई. तिच्यावर सही, नाहीतर आईचा अंगठा. अंगठ्याचा तो ठसा म्हणजे आई आहे, पोस्टमनसमोर आली होती, एवढी बातमी. शब्द एकही नाही.

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यासाठी मुंबईत जीपीओसमोर, कबुतरखान्यापाशी, ताडपत्रीच्या आडोशाला पत्रलेखक बसत. पार्सलं शिवणं, लाखेचं सील करणं, मनीऑर्डरचे फॉर्म भरणं आणि पत्रं लिहिणं हा त्यांचा उद्योग. त्यांच्या गिऱ्हाइकांत गोदीतले हमाल होते, घरगडी होते, कामाठीपुऱ्यातल्या बायका होत्या. त्या बायकांच्या पत्रांत काय लिहायचं नाही, हे पत्रलेखकाला न सांगता समजत असे. गावी कळवायचं ते एवढंच, की मी ठीक आहे, काम चांगलं आहे, सोबत पैसे आहेत. दुसऱ्याच्या मनातलं थोडक्या शब्दांत लिहून देणारे व्यावसायिक म्हणून आपल्याला अमेरिकेतल्या कार्ड-कंपन्यांचे लेखक माहीत असतात. आपले हे फूटपाथवरचे लेखक त्यांच्याहून अवघड काम करत, कारण गिऱ्हाईक समोर बसलेलं असे आणि मधूनच डोळे पुसत असे. टेलिफोन बूथ आले, मग मोबाइल आले, आणि त्यांच्या हातात पार्सलं शिवण्याचं काम तेवढं उरलं.

फॉर्मवरची ती मोकळी जागाही गेली. कागदी मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. त्याआधीच इलेक्ट्रॉनिक मनीऑर्डर सुरू झाली होती. तीत स्वतःचा मजकूर लिहायचा नाही, ठरलेल्या संदेशांच्या यादीतून एक निवडून त्याचा क्रमांक द्यायचा. विहिरीचं वाक्य कुठल्याच यादीत बसणारं नव्हतं.

क्रमांकाची ही कल्पना खात्याला नवी नव्हती. तिचा मूळपुरुष म्हणजे शुभेच्छांची तार. तारेत शब्दाशब्दाला पैसे. शुभेच्छांसाठी मात्र खात्यानं तयार वाक्यांची यादी करून ठेवलेली, प्रत्येकाला क्रमांक दिलेला. एक म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा. आठ म्हणजे दीर्घ आणि सुखी वैवाहिक आयुष्यासाठी शुभेच्छा. सोळा म्हणजे नवदांपत्यावर परमेश्वरी कृपेचा वर्षाव होवो. आपण फॉर्मवर आकडा लिहायचा. तारेतून आकडाच जायचा आणि पलीकडचा तारबाबू त्या आकड्याचं वाक्य चित्र असलेल्या खास फॉर्मवर उतरवून द्यायचा. आकडा चुकल्यामुळे नवरदेवाला भलतंच अभिनंदन पोचल्याचे विनोद तेव्हा प्रत्येक लग्नात ऐकू येत. त्यांतले खरे किती, ते देव जाणे.

एरवी ‘तार आली’ म्हटलं की घरात रडारड सुरू होई. लग्नघरी मात्र तारांची वाट पाहत. जेवणाच्या पंगती चालू असताना लाउडस्पीकरवरून त्या वाचून दाखवायची पद्धत होती. आता विचार करा, वाक्यं दोनच, आठ किंवा सोळा. वाचणाऱ्यानं वीस तारा वाचल्या तर तेच वाक्य वीसदा ऐकू यायचं. तरी मंडप कान देऊन ऐके. कारण ऐकायचं असे ते वाक्यानंतर. ‘...नागपूरहून भाऊसाहेब आणि परिवार.’ ‘...बडोद्याहून मावशी.’ मावशीला आठवण होती! वाक्य सगळ्यांचं एकच होतं, बातमी नावात होती. हेन्री कोलच्या कार्डावरच्या दोन रिकाम्या जागा त्या याच. १४ जुलै २०१३ ला देशातली शेवटची तार गेली आणि आठ-सोळाचा खेळ संपला.

मराठी माणसाला या तयार वाक्यांत काही वावगं वाटण्याचं कारण नव्हतं, कारण आपली पत्रंच ठरीव सुरुवातीची आणि ठरीव शेवटाची. तीर्थरूप, तीर्थस्वरूप, चिरंजीव, सौभाग्यवती असे नात्याप्रमाणे मायने. शाळेत ते पाठ करून घेत आणि चुकले की गुण कापत. मग ‘शि. सा. न. वि. वि.’, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. मोजून पाहा, बरोबर पाच आद्याक्षरं. टपाल संघाचा नियम जणू कोणा पुणेकराला विचारून केलेला! शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. मधे काय वाटेल ते असो, भाडेवाढीची मागणी असो की वाटणीचं भांडण, शेवटी लोभ असावाच. भावाला कोर्टात खेचण्याची धमकी देऊन खाली ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा’ असं लिहिणारी माणसं आपल्याकडे होती आणि त्यांना त्यात विसंगती वाटत नसे. मायना हा माणसाशी असलेल्या नात्याला केलेला नमस्कार होता, त्या दिवसाच्या मनःस्थितीचा त्याच्याशी संबंध नव्हता. म्हणून रागाच्या भरातही तो तुटत नसे. छापील शुभेच्छेकडे मी याच नजरेनं पाहतो. तो मायना आहे. मायन्यात प्रतिभा शोधायची नसते, त्याच्यापुढे काय लिहिलंय ते पाहायचं.

मायन्याचं सर्वांत मोठं दुकान अजून उघडं आहे. लग्नपत्रिकांसाठी मुंबईत गिरगावात खाडिलकर रोडला जा, किंवा पुण्याच्या पेठांत कुठल्याही छापखान्यात शिरा. दुकानदार आधी कार्डांचे नमुने दाखवतो आणि कार्ड ठरलं की विचारतो, “मॅटर आणलंय का?” नसलं तरी अडत नाही. त्याच्याकडे मजकुराच्या नमुन्यांची फाइल असते, प्लास्टिकच्या कव्हरांत घातलेली, क्रमांक दिलेली. गिऱ्हाईक पानं उलटतं आणि ‘हे सात नंबरचं घ्या, फक्त नावं बदला’ म्हणतं. तारखात्याचा आत्मा इथे सुखानं नांदतो आहे.

सात नंबरचं म्हणजे बहुधा ‘आमचे येथे श्रीकृपेकरून...’ हे. मग ‘अगत्य येण्याचे करावे’. बाजूला चौकटीत लहान पोरांच्या तोंडी घातलेलं ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’ हे वाक्य प्रथम ज्याला सुचलं त्याला हक्काचं मानधन मिळालं असतं, तर तो आज गिरगावात इमारतीचा मालक असता. खाली ‘आपली उपस्थिती हाच आहेर’. खेड्यातल्या पत्रिकेत पुढे नावांची फौज उभी राहते: निमंत्रक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, प्रमुख उपस्थिती, समस्त भावकी. शहरी माणूस या यादीला हसतो. पण छापखान्यात प्रूफ तपासायला चार जण मिळून येतात ते या यादीसाठीच. मजकुरातला ऱ्हस्वदीर्घ चुकला तरी चालतो, चुलतचुलत्याचं नाव राहिलं तर तो मांडवात येत नाही. कधीकधी पुढची पिढीही येत नाही.

पत्रिका छापून आल्या, पहिली देवापुढे ठेवली, कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं की खरं लेखन सुरू होतं, ते पाकिटावर. नुसतं ‘श्री.’ की ‘सौ. व श्री.’? ‘सहकुटुंब’ की ‘सहकुटुंब सहपरिवार’? घरातली जाणती बाई शेजारी बसून सांगत असते आणि चांगलं अक्षर असलेला भाचा लिहीत असतो. पाकिटावर ‘सहपरिवार’ नव्हतं म्हणून सुना-मुलांना घरी ठेवून एकटेच आलेले आणि न जेवता परत गेलेले काका ज्या घराण्यात नाहीत, असं घराणं महाराष्ट्रात सापडणं कठीण. छापलेलं सगळं कोणी वाचत नाही, हातानं लिहिलेले दोन शब्द मात्र माणसं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात.

कार्डांच्या या जगाला एक काळी बाजूही होती. मृत्यूची बातमी देणारं कार्ड वाचून झालं की फाडून टाकत, ते घरात ठेवत नसत. त्यामुळे आपल्या जुन्या ट्रंकांत बारशाची, मुंजीची, लग्नाची पत्रं सापडतात, दुःखाची मात्र फारशी सापडत नाहीत. ज्या लेखनात माणसं सर्वांत जास्त अडखळली असतील, त्याचाच नमुना फारसा मागे राहिलेला नाही.

शुभेच्छापत्र ज्याला आपण खऱ्या अर्थानं आपलं म्हणावं ते संक्रांतीचं. दिवाळीला माणसं घरी येत-जात, फराळाची ताटं फिरत. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवायचा आणि गोड बोला म्हणायचं, पण लांबच्या माणसाच्या हातावर कसा ठेवणार? म्हणून कार्ड आणि कार्डाच्या आत चिमूटभर हलवा, कागदाच्या पुडीत. पाकिटाला मधोमध फुगवटा येई. पोस्टाचा शिक्का नेमका त्याच्यावर बसला की काटेरी हलव्याचा चुरा होई आणि घेणारा तो चुरासुद्धा तोंडात टाकी. पुष्कळ घरांत हौशी कवी असत. ते दरवर्षी स्वतःची चार ओळींची रचना छापून घेत, खाली स्वतःचं नाव, गाव, तिथी. काव्य म्हणून त्या रचना यथातथाच. पण जानेवारीत आलेल्या त्या कार्डावरून ‘अण्णांचं यमक यंदा बरं जमलंय, म्हणजे तब्येत सुधारली’ असं निदान करता येई.

मग आलं दुकानातलं कार्ड. योगायोग असा की १९७९ या एकाच वर्षात दोन गोष्टी सुरू झाल्या. दिल्लीत अनिल मूलचंदानी यांनी आर्चीज काढलं. मुंबईत रिप्पन कपूर या विमानकंपनीत काम करणाऱ्या तरुणानं सहा मित्रांबरोबर, पन्नास रुपयांच्या भांडवलावर ‘क्राय’ ही मुलांसाठीची संस्था काढली आणि तिचा मोठा आधार ठरली ती शुभेच्छापत्रांची विक्री. एकाकडून प्रेम घ्यायचं, दुसऱ्याकडून पुण्य. नव्वदीतल्या मराठी माध्यमाच्या पोरांनी आर्चीजच्या दुकानांत तासन्‌तास काढले. इंग्रजी कविता अर्धी कळायची, अर्धी कळायची नाही. न कळलेल्या अर्ध्यात भलतंच काही निघू नये म्हणून मित्राला विचारून घ्यायचं. व्हॅलेंटाइन डेच्या विरोधकांनी कार्डांच्या होळ्या केल्या तेव्हा त्या धंद्याची भरभराट शिगेला होती. तिला खरा धक्का बसला तो फुकटच्या मोबाइल संदेशांनी.

याच काळात पुण्यात एका माणसानं शुभेच्छापत्राचा वेगळाच उपयोग करून दाखवला. व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर दिवाळीत नळस्टॉप चौकात उभे राहत आणि सिग्नलला थांबलेल्या वाहनचालकांना स्वतः काढलेली शुभेच्छापत्रं वाटत. दिवाळीच्या शुभेच्छा, आणि नियम पाळा, जिवंत राहा, असा एकूण आशय. २०१७ मध्ये ते गेले. पुणेरी दुचाकीस्वाराला उपदेश केलेला अजिबात खपत नाही, हे ते जाणून होते. पण समोरून एक म्हातारा माणूस हसून दिवाळीचं कार्ड हातात देतो तेव्हा त्याच्यावर डाफरता येत नाही. मजकूर तोच वाहतूक पोलिसांच्या फलकावरचा, पण देणारा समोर उभा आणि दोघांच्या मधे फक्त एक कार्ड.

याच्या नेमकं उलटं पाहायचं असेल तर त्याच चौकात मान वर करावी. ‘आमचे मार्गदर्शक, युवकांचे हृदयसम्राट, भावी आमदार यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!’ वीस फुटांच्या फलकावरचं हे शुभेच्छापत्र ज्याच्यासाठी आहे असं म्हणतात, तो ते वाचत नाही. खाली शुभेच्छुकांचे तीस चेहरे, गॉगल लावलेले, एका हातानं मोबाइल कानाला धरलेले. हे कार्ड एकमेकांसाठी आहे, मतदारासाठी आहे, महापालिकेच्या परवाना विभागाला खिजवण्यासाठी आहे. सत्कारमूर्तीचा त्यात निमित्तापुरता संबंध. भाषेचा दोष काढण्यात अर्थ नाही. ‘हार्दिक शुभेच्छा’ हाच शब्द बुक पोस्टच्या पाकिटातही होता.

दिवाळीच्या पहाटे फोनवर कोसळणाऱ्या पणत्यांच्या चित्रांचं तेच. त्या चित्रातही नाव असतं, ‘शुभेच्छुक अमुक परिवार’ असं पट्टीत टाकलेलं. म्हणजे कोणाकडून ही जागा भरलेली असते. कोणाला ही जागा रिकामी असते, कारण एका दाबात ती शुभेच्छा दोनशे जणांना गेलेली असते. आपण त्या दोनशेतले एक आहोत हे आपल्याला कळतं आणि आपणही पणतीला उलट पणती पाठवतो. शाळांतून सैनिकांना जाणाऱ्या राख्या-कार्डांतही असं होताना मी पाहिलं आहे. बाई फळ्यावर एक संदेश लिहितात आणि वर्गातली पन्नास पोरं तो उतरवतात. ‘छप्पन्न एपीओ’ या लष्करी टपालाच्या पत्त्यावर पन्नास सारखी कार्डं जातात. एखादं पोरगं शेवटी स्वतःच्या मनानं जोडतं: ‘काका, तिकडे बर्फ खाता येतो का?’ त्या जवानाच्या खिशात ते एक कार्ड राहील, बाकीची एकोणपन्नास नाही.

मग लिहायचं कसं? लोक विचारतात, विशेषतः ज्यांना निवृत्तीच्या, आजारपणाच्या, बाळंतपणाच्या कार्डावर ‘काहीतरी छान लिही ना’ म्हणून पेन दिलं जातं ते. माझं म्हणणं साधं आहे. छान लिहू नये. छान ते कार्डवाल्यानं आधीच छापलंय. त्याच्याखाली दुसऱ्या कोणालाही लिहिता आलं नसतं असं एक लिहावं. निवृत्त होणाऱ्या शिक्षिकेला ‘आपण ज्ञानाचा दीप आहात’ असं चाळीस जण लिहितील. ‘बाई, सातवीत तुम्ही माझ्या वहीवर “अक्षर सुधार” असा शेरा मारला होता. हे वाचून सांगा, सुधारलं का?’ हे एकालाच लिहिता येईल. अमेरिकेतल्या बहिणीला फराळाच्या डब्यासोबत ‘तुझी खूप आठवण येते’ लिहिण्याऐवजी ‘चकल्या या वर्षी आईच्या नाहीत, माझ्या आहेत. कडक झाल्यात, चहात बुडवून खा’ असं लिहिलं, तर तिला आईचे हात आता चालत नाहीत हे कळेल आणि धाकट्या भावानं सोऱ्या हातात घेतलाय हेही. नव्या बाळंतिणीला आशीर्वाद पुष्कळ मिळतात. ‘शनिवारी येते, डबा घेऊन. तू झोपून राहा’ हे तिला जास्त लागू पडतं, अर्थात शनिवारी खरंच जायचं असेल तरच.

सांत्वनाचं सर्वांत कठीण. तिथे विशेषणं आणि तत्त्वज्ञान दोन्ही टाळावं. आत्मा अमर आहे हे गेलेल्याच्या मुलाला आपण सांगू नये, ते सांगायला भटजी आहेत. गेलेल्या माणसाचं एखादं बोलणं, एखादी खोड आपल्याला आठवत असेल तर तेवढीच लिहावी. ‘काका मला दारातच “या साहेब” म्हणायचे.’ एवढं वाचून तो मुलगा रडेल आणि ते रडणं बरं असतं. आठवत काहीच नसेल तर ‘कळलं. फार वाईट वाटलं’ एवढ्यावर थांबावं. सांत्वनाच्या कार्डावर लांबलेला मजकूर बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या अस्वस्थतेवरचा उपाय असतो.

आणि सुचलंच नाही काही, तरी छापील ओळीखाली सही करून पाठवावंच. ज्यांच्याकडे शब्द नाहीत त्यांनी न पाठवणं आणि ज्यांच्याकडे आहेत त्यांनी चांगलं सुचेपर्यंत थांबणं, या दोन कारणांनी जेवढी कार्डं राहून गेली असतील तेवढी टपालानंही गहाळ केली नसतील. आठ नंबरची तार पाठवणाऱ्या मावशीनं स्वतःचं एक अक्षर लिहिलं नव्हतं, तरी मंडपात तिचं नाव वाजलंच.

तेव्हा हे वाचून झाल्यावर एक काम करा. ज्याच्याकडे व्हॉट्सॲप नाही, किंवा आहे पण आता डोळ्यांना दिसत नाही, असं एक माणूस तुमच्या माहितीत नक्की असेल. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. मायना आठवत नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा, खाली दोन वाक्यं स्वतःची लिहा, अक्षर जरा मोठं काढा, आणि पत्त्यात पिनकोड घालायला विसरू नका.